बळ टिकले म्हणजे संख्या टिकली असे नव्हे

आपल्या शास्त्रात अनुमानास प्रमाणाचे स्थान आहे. जे प्रत्यक्ष दिसत नाही ते त्याच्या कार्यावरून जाणावे, हा चिकित्सकाचा नित्याचा मार्ग होय. अग्नीची परीक्षा जरणशक्तीवरून आणि बलाची परीक्षा व्यायामशक्तीवरून करावी, हा चरकसंहितेच्या विमानस्थानातील निर्देश प्रत्येक वैद्याने विद्यार्थिदशेतच अभ्यासलेला असतो. परंतु अनुमानाचे सारे सामर्थ्य हेतूच्या निर्दोषतेवर अवलंबून असते. साध्य असताना जो आढळतो आणि साध्य नसतानाही जो आढळतो, त्या हेतूस न्यायशास्त्र सव्यभिचार म्हणते. अशा हेतूवर उभारलेले अनुमान कितीही सवयीचे झाले, तरी ते ग्राह्य ठरत नाही.

मांसक्षयाच्या रुग्णाचे परीक्षण करताना असाच एक सव्यभिचार हेतू सर्रास वापरला जातो. रुग्णाची पकड चांगली आहे, त्याअर्थी त्या स्नायूचा चेतापुरवठा शाबूत आहे, हे ते अनुमान होय. स्नायूला चालना देणाऱ्या घटकांपैकी अर्धे घटक नाहीसे झाले असतानाही पकड जवळजवळ पूर्वीइतकीच राहू शकते, हे आता निर्विवाद झाले आहे. हे घटक त्वचेला सुई न टोचता जिवंत माणसात मोजण्याचे शास्त्र गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत घडत आले आहे. त्याची माहिती आपल्या व्यवसायबंधूंस असावी, आणि त्या माहितीबरोबर येणारी जबाबदारी वैद्यांनी व फार्मसीचालकांनी स्वीकारावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

मोटर युनिट म्हणजे काय

प्रथम परिभाषेचा एक घोळ दूर करणे इष्ट होईल. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी पाचशे आणि स्नायु नऊशे सांगितले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसपेशी. आजच्या मराठीत मात्र मांसपेशीला आपण स्नायू म्हणतो आणि पेशी हा शब्द शरीराच्या सूक्ष्मतम घटकाला लावतो. या लेखात हे दोन्ही शब्द आजच्या रूढ अर्थानेच योजिले आहेत.

मज्जारज्जूच्या पुढील भागात चालक चेतापेशी असतात. अशा एका पेशीपासून निघालेला लांब तंतू स्नायूपर्यंत पोहोचतो, तेथे त्यास शाखा फुटतात आणि प्रत्येक शाखा एकेका स्नायुतंतूला जाऊन मिळते. ती एक चेतापेशी, तिचा तंतू आणि तिच्या आज्ञेत असलेले सर्व स्नायुतंतू मिळून एक मोटर युनिट होते. ही संज्ञा लिडेल आणि शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये रूढ केली. शेरिंग्टन यांना पुढे १९३२ मध्ये एडगर एड्रियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. चेतापेशीने आज्ञा दिली की तिच्या आज्ञेतील सर्व तंतू एकाच वेळी आकुंचन पावतात. त्यांतील निम्मेच पावले असे निरोगी अवस्थेत होत नाही. म्हणून स्नायूच्या हालचालीचा सर्वांत लहान अविभाज्य अंश म्हणजे मोटर युनिट होय.

ही युनिटे सर्व स्नायूंत सारख्या संख्येने नसतात. फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये मृत शरीरातील चेतातंतू व स्नायुतंतू मोजून काही आकडे प्रसिद्ध केले. ते आजही उद्धृत होतात. पोटरीच्या आतील बाजूच्या स्नायूत सुमारे ५८० युनिटे असून प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १,९०० तंतू येतात. अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या लहानशा स्नायूत सुमारे १२० युनिटे आणि प्रत्येकी सुमारे ३४० तंतू असतात. मानेच्या त्वचेखालील पातळ स्नायूत युनिटे अकराशेच्या घरात, परंतु प्रत्येकाकडे तंतू अवघे पंचवीस असतात. ज्या स्नायूने शरीराचा भार उचलावयाचा त्याची युनिटे मोठी, आणि ज्याने नाजूक हालचाल करावयाची त्याची लहान, असा सर्वसाधारण नियम यावरून दिसतो.

न टोचता मोजण्याची युक्ती

ही मोजणी शवावर झाली. जिवंत रुग्णात ती कशी करावी, या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर १९७१ मध्ये ॲलन मॅककोमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथून दिले. त्यांची युक्ती एखाद्या धान्यव्यापाऱ्यालाही सहज समजावी अशी आहे. पोत्यात दाणे किती हे जाणण्यासाठी सर्व दाणे मोजावे लागत नाहीत. पोत्याचे वजन घ्यावे, मूठभर दाण्यांवरून एका दाण्याचे सरासरी वजन काढावे, आणि पहिल्यास दुसऱ्याने भागावे.

स्नायूवर हेच केले जाते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर एक इलेक्ट्रोड चिकटवितात आणि मनगटाशी मध्यवर्ती चेतेला त्वचेवरूनच विजेचा हलका झटका देतात. झटका पुरेसा मोठा असला की सर्व युनिटे एकदम चेतविली जातात आणि इलेक्ट्रोडवर पूर्ण प्रतिसाद उमटतो. आपल्या रुग्णांच्या एनसीव्ही अहवालात सीएमएपी म्हणून जो आकडा छापलेला असतो तो हाच. त्यानंतर अत्यंत सौम्य झटक्यापासून प्रारंभ करून तो हळूहळू वाढवीत नेतात. प्रतिसाद एकसारखा न वाढता पायरीपायरीने वाढतो. एक पायरी म्हणजे एक नवे युनिट. अशा दहा-बारा पायऱ्यांची सरासरी काढली की एका युनिटाचा प्रतिसाद कळतो. समजा, पूर्ण प्रतिसाद १० मिलिव्होल्ट आहे आणि एका युनिटाचा सरासरी ५० मायक्रोव्होल्ट. तर भागाकार २०० येतो. मॅककोमस यांनी प्रथम पावलाच्या वरच्या बाजूस असलेला बोटे उचलणारा लहान स्नायू निवडला होता आणि निरोगी माणसांत त्यांना सरासरी सुमारे दोनशे युनिटे आढळली.

युक्ती सुंदर खरी, परंतु निर्दोष नव्हे. दोन-तीन युनिटांची चेतविली जाण्याची मर्यादा जवळजवळ असेल, तर एका झटक्याला एक प्रतिसाद देते, दुसऱ्याला दुसरे देते, तिसऱ्याला दोन्ही देतात. तीन युनिटांच्या अशा उलटसुलट जुळणीतून सात निरनिराळे प्रतिसाद उद्भवू शकतात. मोजणाऱ्याने त्या सात पायऱ्या सात युनिटे समजून मोजल्या, तर सरासरी पायरी वास्तवाहून लहान भरते आणि भागाकार दुपटीहूनही अधिक फुगतो. या दोषावर पुढील संशोधकांनी निरनिराळे उपाय योजिले. कॅनडातील डोहर्टी आणि ब्राउन यांनी १९९३ मध्ये चेतेला एकाच जागी न चेतविता तिच्या लांबीवर निरनिराळ्या ठिकाणी चेतवून प्रत्येक ठिकाणचे केवळ पहिले युनिट घेण्याची रीत काटेकोर केली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉब यांनी प्रतिसादाच्या चढउतारावरून संख्याशास्त्राने युनिटाचा आकार काढण्याचा मार्ग दाखविला. लंडनच्या ह्यू बॉस्टॉक यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एमस्कॅनफिट पद्धतीत झटका पूर्ण तीव्रतेपासून शून्याकडे अगदी सूक्ष्म अंतराने उतरवीत नेतात, शेकडो प्रतिसादांची एक वक्ररेषा मिळवितात, आणि त्या रेषेशी जुळणारी युनिटांची मांडणी संगणकाकडून शोधून घेतात.

आणखी एक पद्धत मराठी वाचकाच्या कानाला विशेष जवळची वाटेल, कारण तिच्या कर्त्यांत नांदेडकर हे आडनाव आहे. संजीव नांदेडकर यांनी अमेरिकेत पॉल बारखाउस आणि स्वीडनमधील उप्साला येथील एरिक स्टालबर्ग यांच्यासह २००४ मध्ये म्युनिक्स ही पद्धत मांडली. तीत झटका केवळ पूर्ण प्रतिसादापुरताच द्यावा लागतो. त्यानंतर रुग्णाने तो स्नायू स्वतःच थोडा, मध्यम आणि पूर्ण जोराने आवळावयाचा असतो. त्वचेवरील इलेक्ट्रोड त्या वेळचा विद्युत्संकेत टिपतो. या दोहोंचे क्षेत्रफळ आणि शक्ती यांच्या गुणोत्तरावरून संगणक एक आकडा काढतो. एका स्नायूचे काम काही मिनिटांत आटोपते. कर्त्यांनी या आकड्यास संख्या न म्हणता निर्देशांक म्हटले, यातला प्रामाणिकपणा ध्यानात घेण्याजोगा आहे. पूर्ण प्रतिसादास या निर्देशांकाने भागले की युनिटाच्या सरासरी आकाराचा दुसरा निर्देशांक मिळतो; त्यास म्युसिक्स म्हणतात. या दोन आकड्यांची जोडीच आमच्या प्रतिपादनाच्या केंद्रस्थानी आहे.

शरीर हानी कशी झाकते

एखादी चालक चेतापेशी मेली की तिचे शेकडो स्नायुतंतू पोरके होतात. परंतु शेजारच्या जिवंत तंतूंना नव्या शाखा फुटतात आणि त्या या पोरक्या तंतूंना आपल्या कुटुंबात सामावून घेतात. एका स्नायूत २०० युनिटे आणि प्रत्येकी ३०० तंतू आहेत असे धरू. एकूण तंतू ६०,००० झाले. त्यांतील शंभर युनिटे गेली आणि उरलेल्या शंभरांनी सर्व पोरके तंतू दत्तक घेतले, तर प्रत्येकी ६०० तंतू होतील आणि एकूण पुन्हा ६०,०००च भरतील. दंडाचा घेर तोच, पकड तीच, एनसीव्ही अहवालातील सीएमएपीही सामान्य मर्यादेत. प्रत्यक्षात सर्वच तंतू दत्तक घेतले जातात असे नाही. पण हानी सावकाश होत असेल तर भरपाई बरीच पुरी होते. संख्या मात्र निम्म्यावर आलेली असते.

ही दत्तकव्यवस्था अमर्याद चालत नाही. एक युनिट मूळच्या काही पटींपर्यंतच विस्तारू शकते. ती मर्यादा गाठली गेल्यानंतर पुढील प्रत्येक चेतापेशीचा मृत्यू थेट दौर्बल्याच्या रूपाने प्रकट होतो, आणि काल धडधाकट दिसणारा हात काही महिन्यांत सुकू लागतो. रोग कालच सुरू झाला असे घरच्यांस वाटते. वस्तुतः तो बराच काळ चालू असून शरीर त्याला झाकीत आलेले असते.

म्हणून बळ हा संख्येचा सव्यभिचार हेतू ठरतो. सीएमएपीचा आकडाही तसाच, कारण तोही एकूण तंतूंचाच हिशेब सांगतो. परंतु म्युनिक्स उतरत आहे आणि म्युसिक्स चढत आहे, अशी जोडी दिसली, तर दत्तकव्यवस्था कामाला लागली आहे हे बळ शाबूत असतानाच कळते. ॲमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, ज्यास व्यवहारात एएलएस किंवा मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात, त्या रोगात सीएमएपी घसरण्यापूर्वीच म्युनिक्स घसरताना अनेक केंद्रांतील अभ्यासांत आढळले आहे. या रोगाच्या औषधांच्या चाचण्यांतही अशा मापनांचा उपयोग होऊ लागला आहे.

सुदैवाने चौकस वैद्याला यंत्राविनाही एक धागा सापडतो. लहान युनिटे आधी आणि मोठी नंतर कामाला लागतात, हा नियम एल्वुड हेनमन यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत दाखवून दिला. लहान युनिटांमुळेच आपण बळ थोडेथोडे वाढवू शकतो. युनिटे कमी आणि प्रचंड झाली की जोर उरतो, पण त्याचे नियमन खडबडीत होते. अशा रुग्णास गोणी उचलता येते, परंतु सुईत दोरा ओवताना, सदऱ्याचे बटण लावताना, कुलुपात किल्ली फिरविताना हात अडखळतो. ‘ताकद आहे ना?’ या प्रश्नाला तो होकारच देईल. म्हणून प्रश्न बदलून विचारावा, अशी आमची सूचना आहे.

वार्धक्य, पोलिओ आणि जीबीएस

या अनुमानावर विश्वास का ठेवावा, अशी शंका रास्त आहे. तिचे उत्तर वार्धक्याच्या अभ्यासात मिळते. मॅककोमस यांच्या गटाने १९७३ मध्ये निरोगी वृद्धांत मोजणी केली तेव्हा साठाव्या वर्षापर्यंत युनिटांची संख्या फारशी घटत नाही आणि त्यानंतर ती उतरू लागते असे दिसले. पुढे १९७७ मध्ये टॉमलिन्सन आणि आयर्विंग यांनी तेरा ते पंच्याण्णव वर्षे वयाच्या ४७ व्यक्तींच्या मज्जारज्जूंतील कमरेखालच्या अवयवांच्या चालक चेतापेशी मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. त्यांनाही साठीपर्यंत घट आढळली नाही, त्यापुढे आढळली. डोहर्टी आणि ब्राउन यांनीही वृद्धांच्या अंगठ्याच्या स्नायूंत तरुणांच्या निम्म्याच्या आसपास युनिटे नोंदविली. एक मार्ग जिवंत शरीरातील विद्युत्संकेताचा, दुसरा मृत शरीरातील प्रत्यक्ष मोजणीचा; दोन्ही एकाच ठिकाणी पोहोचतात. अनुमानाला प्रत्यक्षाने दिलेली अशी पुष्टी आपल्या परंपरेलाही मान्य व्हावी.

आपल्या देशापुरता विचार केला, तर पोलिओचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह संपूर्ण आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित केला. नवे रुग्ण थांबले. परंतु बालपणी पोलिओ होऊन गेलेले लोक आज प्रौढ आणि वृद्ध होत आहेत. त्यांच्या पायातील स्नायू मोजक्या, अवाढव्य युनिटांवर अनेक दशके चालत आलेले असतात. त्यातच वयपरत्वे होणारी घट सुरू झाली की बरा समजलेला पाय पुन्हा थकू लागतो. या पोलिओत्तर दौर्बल्याला व्यायाम वाढवा हे सरसकट उत्तर देणे घातक आहे. थकवा न येईल इतकाच व्यायाम आणि मध्ये पुरेशी विश्रांती, हे त्याचे सूत्र होय. अर्धशक्ती व्यायामाचा आपल्या शास्त्रातील उपदेश या रुग्णांच्या बाबतीत अक्षरशः पाळण्याजोगा आहे.

दुसरे उदाहरण ताजे आहे. २०२५ च्या प्रारंभी पुणे परिसरात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या बाजूस, गियाँ-बारे सिंड्रोमची म्हणजे जीबीएसची साथ आली आणि संशयित धरून दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. या आजारात चेतापेशी सहसा मरत नाही. तिच्या तंतूला किंवा त्यावरील आवरणाला इजा होते. आवरण सुधारले, तंतू पुन्हा वाढला, की तुटलेली युनिटे पुन्हा जोडली जातात. येथे मोजलेली संख्या खरोखरच वाढू शकते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. हा आकडा जिवंत चेतापेशींचा नसून स्नायूशी कार्यक्षम रीतीने जोडलेल्या युनिटांचा असतो. एएलएसमध्ये गेलेली चेतापेशी परत येत नाही. जीबीएसमध्ये गेलेला संबंध बहुतेकदा परत येतो, आणि तो कोणतेही बल्य औषध न घेताही येऊ शकतो. दोन्ही रुग्ण आपल्या दारी ‘अशक्तपणा’ हीच तक्रार घेऊन येतात.

वैद्यांकडून अपेक्षा

या विवेचनातून वैद्यांसाठी आम्हांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, संदर्भ पाठविण्यात विलंब नसावा. मांस फुरफुरणे, एका हाताच्या पंजातील खळगे खोल होणे, बोलणे जड होणे, गिळताना ठसका लागणे, संवेदना शाबूत असून एकच अवयव दुबळा होत जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास पकड चांगली आहे या आधारावर रुग्णास थांबवून ठेवू नये. एएलएसच्या निदानास लक्षणे दिसू लागल्यापासून सरासरी सुमारे एक वर्ष लागते, असा अनेक देशांचा अनुभव आहे. या रोगावर रोग थांबविणारा उपाय आजही नाही, हे खरे. परंतु १९९५ पासून उपलब्ध असलेले रिलुझोल रोगाची गती काही प्रमाणात मंदावते, आणि श्वसन व आहार यांची व्यवस्था वेळीच करता येते. स्नेहन, स्वेदन आणि बस्ती यांनी रुग्णास आराम वाटत असेल तर ते निदानानंतरही देता येतील. निदानाच्या जागी ते देणे मात्र योग्य नव्हे.

दुसरी, आकड्याचे स्थान ओळखावे. म्युनिक्स किंवा एमस्कॅनफिट यांचा अहवाल निदान सांगत नाही. निदानासाठी चेतारोगतज्ज्ञांची तपासणी आणि बहुधा सुईचा ईएमजी लागतोच. आकडा ज्या स्नायूचा त्याच स्नायूपुरता खरा. हात थंड असेल तर संकेताची उंची बदलते, इलेक्ट्रोड अर्धा सेंटिमीटर सरकला तरी बदलते, रुग्णाने पुरेसा जोर लावला नाही तर म्युनिक्स चुकते. म्हणून एका मोजणीवर निष्कर्ष काढू नये. त्याच परीक्षकाने, त्याच स्नायूवर, त्याच रीतीने काही महिन्यांनी केलेल्या मोजणीशी तुलना करावी. दहा टक्क्यांचा चढउतार केवळ मापनातूनही येऊ शकतो. तो आला म्हणून हर्ष मानू नये आणि खेदही करू नये.

तिसरी, ओढाताणीची समीकरणे टाळावीत. सहज, कालज आणि युक्तिकृत या त्रिविध बलाशी युनिटांच्या संख्येची आणि आकाराची जुळणी करण्याचा मोह विद्वानांस होईल. अशी जुळणी व्याख्यानात शोभते. परंतु तिने मूळ ग्रंथातील संकल्पना संकुचित होते आणि आधुनिक मापनाचा अर्थही गढूळ होतो. दोन शास्त्रांची भाषा एकमेकांत न मिसळताही दोहोंचा उपयोग एकाच रुग्णासाठी करता येतो.

फार्मसीचालकांकडून अपेक्षा

फार्मसीचालक बांधवांना आम्ही अधिक स्पष्टपणे सांगू इच्छितो. अश्वगंधा, बला, माष इत्यादींची बल्य योजना आपल्या चिकित्सेत प्राचीन आहे आणि तिचा आदर आहेच. परंतु ‘मज्जातंतू पुन्हा जिवंत करणारे’, ‘सुकलेले स्नायू भरून काढणारे’ असे शब्द जेव्हा बाटलीवर किंवा पत्रकावर छापले जातात, तेव्हा तो दावा बळाचा राहत नाही, संख्येचा होतो. आणि संख्येचा दावा करणाऱ्याने संख्या मोजून दाखविली पाहिजे. औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या परिशिष्टात पक्षाघात आणि चेतासंस्थेचे विकार यांचा समावेश आहे. त्यांच्या उपचाराची जाहिरात करणे मुळातच निषिद्ध आहे. तथापि आमचा मुद्दा कायद्याच्या धाकापुरता मर्यादित नाही. बळ वाढल्याचे रुग्णाचे सांगणे खरे असूनही, त्याच काळात त्याची युनिटे गळत असू शकतात. त्या सुखावह अनुभवावर विसंबून त्याने सहा महिने इतरत्र दाखविले नाही, तर त्या सहा महिन्यांचा हिशेब कोणी द्यावा?

याच प्रश्नाची दुसरी बाजू आशादायक आहे. एखाद्या योगाने चेतेची हानी मंदावते असा कोणाचा विश्वास असेल, तर तो पडताळण्याचे साधन आता उपलब्ध आहे आणि त्यासाठी रुग्णास सुई टोचावी लागत नाही. नेहमीच्या एनसीव्ही-ईएमजी यंत्राला म्युनिक्ससाठी लागते ते गणिताचे सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षित हात. चेतारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, नीतिसमितीच्या अनुमतीने, रुग्णाचे चालू उपचार न थांबविता, एका गटास योग आणि दुसऱ्यास तशाच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन, ठरावीक अंतराने पकड, म्युनिक्स आणि म्युसिक्स या तिन्हींची नोंद ठेवावी. केवळ पकड सुधारली आणि संख्या उतरतच राहिली, तर औषध बल्य आहे, चेतारक्षक नाही, असे म्हणावे. तेही थोडे नव्हे. दुसऱ्या गटाच्या तुलनेत संख्येची घसरण खरोखर मंदावली, तर ते यश जगाच्या कोणत्याही वैद्यकीय सभेत मान उंच करून मांडता येईल. आणि यांपैकी काहीच घडले नाही, तर तेही प्रसिद्ध करावे, म्हणजे पुढील रुग्णाचा पैसा आणि काळ वाचेल.

अशा अभ्यासाचा खर्च एखाद्या लहान फार्मसीला एकटीने झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु चार-पाच फार्मसींनी एकत्र येऊन एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या चेतारोग विभागाशी सहकार्य करणे अशक्य नाही. जाहिरातीवर होणाऱ्या खर्चाचा काही अंश या कामाकडे वळविला, तरी प्रारंभ होऊ शकेल. आपल्या संघटनेने येत्या वार्षिक सभेत या विषयासाठी एक सत्र राखून ठेवावे, त्यात एखाद्या चेताशरीरक्रिया तज्ज्ञास निमंत्रित करून मोजणीचे प्रात्यक्षिक घडवावे, आणि तोपर्यंत सभासद फार्मसींनी आपली छापील पत्रके एकदा स्वतःच तपासून पाहावीत, अशी आमची विनंती आहे.

अनुमान हे आपले जुने शस्त्र आहे. ते टाकावे असे कोणी म्हणत नाही. त्याचा हेतू तपासून घ्यावा एवढेच आमचे म्हणणे आहे. पकड पाहावी, मांस पाहावे, रुग्णाचे बोलणे ऐकावे, आणि जेथे शंका येईल तेथे संख्या विचारावी. उत्तर अंदाजाचे असेल, पण ते वेळेवर मिळालेले असेल.